लाल तिखट नावाची मिरची नसते

"आजीच्या हातालाच चव होती रे, आता तसा मसाला होत नाही." हे वाक्य दर उन्हाळ्यात एकदा तरी कानावर पडतंच. म्हणणारा हळवा होतो, ऐकणारे माना डोलावतात आणि मग सगळे मुकाट्याने समोरचा पनीर बटर मसाला खायला लागतात. माझा या वाक्यावर जुना राग आहे. कारण ते निदान अर्धं तरी खोटं आहे.

हाताला चव होती, मान्य. पण हाताच्या आधी डोकं होतं हो! त्या पिढीतली बाई दुकानात जाऊन "दोन किलो बेडगी, एक किलो संकेश्वरी, पाव किलो लवंगी" असं सांगायची. मूठभर मिरच्या उचलायची, वाकवून बघायची, वास घ्यायची आणि पटलं नाही तर सरळ पुढच्या दुकानात जायची. आपल्या धंद्यात याला स्पेसिफिकेशन म्हणतात. आपण काय सांगतो? "लाल तिखट द्या, अर्धा किलो. फार तिखट नको." अशी रिक्वायरमेंट क्लायंटने दिली तर आपण त्याला दिवसभर शिव्या घालू.

लाल तिखट नावाची मिरची जगात कुठेही पिकत नाही. पिकते ती बेडगी (कानडीत ब्याडगी, हावेरी जिल्ह्यातल्या गावावरून), संकेश्वरी, लवंगी, गुंटूर, तेजा. पिकते ती नागपूर जिल्ह्यातली भिवापुरी, गोव्यात काणकोणच्या डोंगरउतारावरची खोला, पेडण्याची हरमल. प्रत्येकीचं काम वेगळं. बेडगी रंग देते, अंगावर येत नाही. लवंगी उलट, रंग यथातथा पण जाळ अस्सल. कोल्हापूरचा कांदा-लसूण मसाला, मालवणी मसाला, वऱ्हाडी रस्सा हे वेगवेगळे लागतात, त्यामागे मिरच्यांची ही निवड मोठं कारण आहे. सगळीकडे एकच पावडर घातली की सगळं एकाच हॉटेलातून आल्यासारखं लागतं. मग आपण आजीच्या हाताची आठवण काढतो. असो.

सगळ्यात मोठी गंमत म्हणजे 'काश्मिरी'. काश्मीरमध्ये मिरची पिकते, नाही असं नाही. पण देशभरातल्या तंदुरी कोंबड्यांना पुरेल एवढी ती कुठून येणार? पाकिटावरच्या 'काश्मिरी'चा व्यवहारातला अर्थ 'रंगाला भडक, चवीला सौम्य' एवढाच उरलाय, आणि आत बऱ्याचदा कर्नाटकातली मिरची असते. म्हणजे नाव एका प्रदेशाचं, माल दुसऱ्या प्रदेशाचा आणि ज्याने पिकवली त्याचं नाव कुठेच नाही.

मिरची मुळात आपली नाही, पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात अमेरिकेतून आली. तिच्या माहेरी काय चालतं बघा. मेक्सिकोत पोब्लानो मिरची वाळली की तिचं नाव आंचो होतं, आणि हालापेन्यो धुरावर वाळवली की चिपोत्ले. वाळल्यावर चव बदलते म्हणून नावही बदलतं. आपण मात्र दहा जातींच्या मिरच्या दळून त्यांना एकच नाव दिलं, तेही रंगाचं.

आता प्रश्न असा की चांगली वाळकी मिरची मिळेनाशी का झाली? दुकानदार चोर आहेत म्हणून? मला तसं वाटत नाही. खरं कारण आपल्या लोकांना लगेच कळेल: ज्याचं मोजमाप होतं तेच ऑप्टिमाइझ होतं. मिरचीच्या व्यापारात रंगाला आकडा आहे (अ‍ॅस्टा युनिट म्हणतात) आणि तिखटपणालाही आकडा आहे (स्कोव्हिल, १९१२ पासून). वासाला असा सुटसुटीत आकडा नाही. बेडगीतून ओलिओरेझिन नावाचा अर्क काढतात, तो खाद्यपदार्थांपासून सौंदर्यप्रसाधनांपर्यंत रंगासाठी जातो. त्या कारखान्याला तुमच्या आमटीचं काय पडलंय? त्याला रंगाचा आकडा हवा. तो जास्त देणारं, जास्त पिकणारं हायब्रीड आलं की शेतकरी ते लावणार. ५५३१, २०४३ अशा नंबरांनी ही वाणं ओळखली जातात. जातिवंत नाव जाऊन व्हर्जन नंबर आला, आपल्याला तर घरच्यासारखं वाटायला हवं :)

यात शेतकऱ्याला दोष देणाऱ्यांनी मार्च २०२४ मध्ये बेडगीच्या बाजार समितीत काय झालं ते आठवावं. भाव एकाएकी कोसळले आणि चिडलेल्या शेतकऱ्यांनी समितीच्या कार्यालयाची तोडफोड केली, गाड्या पेटवल्या. ज्याचं वर्षाचं गणित एका सकाळी उलटतं, त्याने कमी पिकणारी, रोगाला लवकर बळी पडणारी जुनी जात केवळ तुमच्या-माझ्या आठवणींसाठी जपावी, ही अपेक्षा निर्लज्जपणाची आहे. तो जपेल, पण त्या जातीला नावाने गिऱ्हाईक आणि वेगळा भाव मिळाला तरच.

"पण आता जीआय टॅग मिळालाय ना?" मिळालाय. बेडगीला २०११ मध्ये, खोलाला २०१९ मध्ये, भिवापुरीलाही आहे. चांगलंच आहे. पण जीआय नावाचं रक्षण करतो, बियाण्याचं नाही. तो म्हणजे ट्रेडमार्कचा चुलतभाऊ. कोणी नाव घेऊन मागितलंच नाही, तर राखलेल्या नावाचं लोणचं घालायचं का?

आता नेहमीचे आक्षेप. पहिला, वेळ कुणाला आहे? मंडळी, आपण चिकमगळूरच्या कुठल्या इस्टेटची कॉफी, मीडियम रोस्ट की डार्क, यावर अर्धा तास वाद घालतो. मिरचीसाठी वर्षातून एक रविवार पुरतो. दुसरा, हे सगळे श्रीमंती चोचले आहेत. अजिबात नाही. संकेश्वरी जवारी मिरची ही गडहिंग्लजच्या बाजारात येणारी साधी गावठी वस्तू होती. साध्या माणसांनी ती मागणं सोडलं, पीक कमी झालं, भाव चढला आणि मग ती चोचला झाली. तिसरा, पाकिटातली पावडर निदान शुद्ध तरी असते. असेलही. पण २००५ मध्ये ब्रिटनमध्ये मिरची पावडरीतल्या सुदान नावाच्या रंगामुळे चारशेहून अधिक खाद्यपदार्थ बाजारातून परत घ्यावे लागले होते, आणि ती मोठाली दुकानं होती, आठवडी बाजार नव्हता. पावडरीत काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही, अख्ख्या मिरचीत दिसतं. ओपन सोर्सवर भाषणं देणाऱ्यांना मी आणखी काय सांगू?

तेव्हा करायचं काय, तर फार सोपं आहे. पावडर घेऊ नका, अख्खी मिरची घ्या, आणि नाव घेऊन घ्या. फेब्रुवारी ते एप्रिल नवा माल असतो तेव्हा जा. मुंबईत लालबागची मिरची गल्ली आहे, पुण्यात मार्केट यार्डाचा भुसार विभाग आहे. बेडगी म्हणून गुळगुळीत, चकचकीत मिरची पुढे केली तर नको म्हणा. बेडगीच्या अंगावर सुरकुत्या असतात. तिच्यातही 'डब्बी' आणि 'कड्डी' असे दोन प्रकार आहेत. डब्बी आखूड, फुगीर. कड्डी लांब, सडपातळ आणि जरा जास्त तिखट. कुठली आहे ते दुकानदाराला विचारा. त्याला सांगता आलं नाही तरी विचारा, कारण दहा जणांनी विचारलं की अकराव्याच्या वेळी त्याला उत्तर माहीत असतं. घरी आणून कडक ऊन दाखवा, देठं काढा, डंकावर कुटून घ्या. डंक जवळ नसेल तर मिक्सर आहेच. थोड्या अख्ख्या ठेवा, लागेल तशा कुटा. पावडरीपेक्षा अख्ख्या मिरचीचा वास जास्त टिकतो.

आणि ऑनलाइनच घ्यायची असेल तरी नावाने शोधा. एका किराणा अ‍ॅपवर 'संकेश्वरी' टाकल्यावर मला उत्तर आलं, 'तुम्हाला सँडविच म्हणायचंय का?' हसू नका. त्या सर्च बॉक्समध्ये कोणी हा शब्द टाकतच नाही, म्हणून त्याला तो माहीत नाही. बाजार बाजार म्हणतो तो म्हणजे अशा शोधांची बेरीज. जे नाव कोणी टाइप करत नाही, दुकानात उच्चारत नाही, ते आधी फळीवरून जातं, मग मंडईतून आणि शेवटी शेतातून.

मग आजीच्या हाताच्या चवीबद्दल हळवं व्हायला आपण मोकळे. त्यापेक्षा येत्या रविवारी दुकानात जाऊन नुसतं विचारा, "काका, ही मिरची कुठली?"