तीन उत्सव, तीन परीक्षक

मुलांनो, ‘विद्यापीठ म्हणजे काय?’ असं वर्गात विचारलं की बहुतेक हात एकाच उत्तरासाठी वर होतात. ‘बाई, तिथे मोठ्या मुलांची परीक्षा असते!’ चुकीचं नाही हं हे. आपलं मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ रोजी स्थापन झालं, तेव्हा ते खरोखरच फक्त परीक्षा घ्यायचं. शिकवायचं काम महाविद्यालयांचं. १८६२ साली तिथून जे पहिले बी. ए. झाले, त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. या थोर मंडळींना विद्यापीठाने कधी ढोलकीवर नाचायला लावल्याचं काही ऐकिवात नाही!

आता मात्र पावसाळ्यातल्या एखाद्या सकाळी आपल्या पनवेल स्टेशनवर जरा नजर ठेवा. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली ढोलकी, साड्यांचं गाठोडं, पुठ्ठ्याची होडी, आणि हे सगळं घेऊन लोकलमध्ये चढायची धडपड करणारे ताई-दादा दिसले, तर खुशाल समजा, स्वारी युवा महोत्सवाला निघाली आहे. मुंबई विद्यापीठाची महाविद्यालयं थेट सिंधुदुर्गापर्यंत पसरलेली. म्हणून आधी विभागवार फेऱ्या होतात, मग अंतिम फेरी.

आणि त्याच्याही पुढे काय असतं, ठाऊक आहे? महाराष्ट्रातल्या सगळ्या विद्यापीठांचे मिळून तीन मोठे उत्सव आहेत. नावं किती छान ठेवलीत बघा. खेळांचा ‘अश्वमेध’, १९९७ पासून. कलांचा ‘इंद्रधनुष्य’, २००३ पासून. आणि संशोधनाचा ‘आविष्कार’, २००६ पासून. यजमानपद दरवर्षी वेगळ्या विद्यापीठाकडे. मला यातली सगळ्यांत मोठी गंमत वाटते ती परीक्षकांची. तिन्ही ठिकाणी परीक्षक अगदी वेगळ्या स्वभावाचे!

कलेपासून सुरुवात करू. लोकनृत्याचंच घ्या. विद्यापीठांच्या राष्ट्रीय महोत्सवाच्या नियमांप्रमाणे नाचणारे जास्तीत जास्त १०, साथीला ५ जण, आणि वेळ १० मिनिटं. परीक्षक ताल बघतात, रचना बघतात, हावभाव, वेशभूषा, रंगभूषा, सगळं बघतात. आपल्याकडच्या आगरी-कोळी लग्नात धवलारीण धवले गाते, हळदीला सगळी आळी नाचते. तिथे कुणी घड्याळ लावत नाही. तेच दहा मिनिटांत बसवायचं म्हणजे काय ठेवायचं आणि काय गाळायचं, यावर किती भांडणं होत असतील, विचार करा! आणखी एक नियम मला फार आवडतो. नाच संपला की रंगमंचावरचं आपलं सामान त्याच संघाने ताबडतोब उचलायचं. टाळ्या पडत असतात आणि इकडे कोळीणबाई होडी ओढत विंगेत निघालेल्या असतात. तिकडे दुसऱ्या खोलीत चित्रकलेची मंडळी २२ इंच बाय १५ इंचांच्या कागदासमोर अडीच तास मान खाली घालून बसलेली.

कलेचा परीक्षक हा माणूस असतो. त्याला आवडावं लागतं. एकाला आवडलेलं दुसऱ्याला रुचेलच असं नाही. म्हणून नाच उत्तम होऊनही कधीकधी परतीच्या गाडीत रडारड होते.

‘आविष्कार’चा परीक्षक प्रश्न विचारतो. इथे आपला अभ्यास सुमारे एक मीटर लांब, एक मीटर रुंद पोस्टरवर मांडायचा आणि शेजारी उभं राहायचं. शेती, औषधं, यंत्रं, भाषा, व्यापार, विज्ञान, काहीही चालतं. समजा, एखाद्या दादाने आपल्या गाढी नदीचं पाणी पावसाळ्याआधी आणि नंतर तपासलं. परीक्षक विचारणार, पाणी कुठून घेतलंस? किती वेळा? काठाचं घेतलंस की मधलं? ‘पुस्तकात असं दिलंय’ हे उत्तर इथे चालत नाही बरं का! स्वतः नदीवर गेलेला दादा आणि न गेलेला दादा, दोघे दोन मिनिटांत ओळखू येतात.

अश्वमेधातला परीक्षक तर तुमच्याकडे बघतसुद्धा नाही. ते असतं घड्याळ. त्याला तुमचं गाव माहीत नाही, बुटांची किंमत माहीत नाही. पण तिथेही गंमत आहेच. चार गुणिले शंभर मीटर रिलेत बॅटन द्यायला ३० मीटरचा पट्टा असतो. तो ओलांडल्यावर बॅटन दिला की संघ बाद! २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या पुरुषांच्या आणि महिलांच्याही संघाच्या हातून बॅटन निसटला, तोही अंतिम फेरीच्या आधीच. जगातले एवढे वेगवान धावपटू, पण देता-घेता चुकले.

पालकहो, आता थोडं तुमच्याशी. दरवर्षी स्नेहसंमेलनाच्या तोंडावर कुणीतरी शाळेत येतंच. ‘बाई, यंदा हिचं नाव नाचातून काढा, शिष्यवृत्तीचं वर्ष आहे.’ मी नाव काढते. तुमचा शब्द मला मोडता येत नाही. मग ती मुलगी वर्गात गणितं सोडवत बसते आणि हॉलमधून तिच्याच गाण्याची तालीम ऐकू येते. त्या तासात तिची किती गणितं बरोबर येतात, ते वही तपासताना मला दिसतं. रोज अर्धा तास, पंधरा दिवस, म्हणजे साडेसात तासांचा हा हिशोब. या साडेसात तासांनी शिष्यवृत्ती जाईल असं मला वाटत नाही. तुम्हाला वाटत असेल तर माझ्याशी जरूर वाद घाला, पण आधी एकदा मुलीला विचारा. नवव्या-दहाव्या वर्षी ‘तू अभ्यासातली’ आणि ‘तू खेळातला’ अशा चिठ्ठ्या आपण चिकटवून मोकळे होतो. मग पुढे कॉलेजात हे तिन्ही दरवाजे उघडे दिसले, तरी मुलं त्यांतल्या दोघांकडे वळूनही बघत नाहीत.

असो. मुलांनो, या रविवारी एक काम करा. मैदानात ३० मीटर मोजून दोन्ही टोकांना चपला ठेवा. चौघांचे दोन संघ पाडा. पट्ट्याच्या आत, दोघंही पळत असताना, बॅटन एका हातातून दुसऱ्या हातात द्यायचा. आधी सगळ्यांत वेगवान चौघांना एका संघात घ्या, आणि दुसऱ्या संघाला दहा वेळा सराव करू द्या. कोण जिंकलं ते मला पत्राने कळवा. खरा बॅटन २८ ते ३० सेंटिमीटर लांब असतो, त्यामुळे कंपासपेटीतली छोटी नको, मोठी फूटपट्टी घ्या. लाटणं मात्र नेऊ नका, घरी पोळ्या व्हायच्या असतात!