न तपासलेला गृहपाठ

परवा सकाळी सातच्या सुमारास माझा एक जुना विद्यार्थी दारात उभा. चहा प्यायला आला असेल म्हणून मी ‘ये ये’ म्हटलं, पण गडी बसेना. एका हातात प्लॅस्टिकची फाईल, दुसऱ्या हातात मोबाईल. म्हणाला, "सर, एवढं वाचून सांगा. मला करायचंय काय?"

त्याचा स्वतःचा टेम्पो आहे. आमच्या राहनाळच्या एका गोदामाबाहेर माल उतरवायच्या रांगेत तो दोन रात्री उभा होता. आत जागा नाही, उद्या या, परवा या. तेवढ्यात त्याच्या मालाच्या ई-वे बिलाची मुदत मध्यरात्री संपली होती. वाढवून मिळते, पण मुदत संपण्याआधीचे आठ तास आणि संपल्यानंतरचे आठ तास एवढ्याच वेळात. म्हणजे सकाळी आठपर्यंत. ते वाढवायचं कुणी? ज्याच्याकडे त्याचा पासवर्ड आहे त्या ऑफिसातल्या माणसाने. ऑफिस उघडतं दहाला!

मग आम्ही दोघं माझ्या ओट्यावर बसून फोन लावत राहिलो. शेवटी त्या ऑफिसातला एक क्लार्क घरी सापडला. त्याने घरूनच मुदत वाढवली तेव्हा आठला दहा मिनिटं कमी होती. कारण विचारतात म्हणे तिथे. त्याने ‘इतर’ असं टाकलं. माझ्या विद्यार्थ्याने तेव्हा कुठे चहा घेतला. संध्याकाळी मी मुद्दाम फोन करून विचारलं, "काय रे, बघितलं का कुणी तुझं बिल?" तर म्हणतो, "नाय सर. कोण बघतंय?"

मंडळी, त्या ‘कोण बघतंय’ने माझी झोप उडवली. छत्तीस वर्षं मी शाळेत शिकवलं. आम्हाला पहिल्या वर्षी आमच्या हेडसरांनी एक गोष्ट बजावली होती. तपासायचा नसेल तो गृहपाठ द्यायचा नाही. मुलाला एकदा कळलं की गुरुजी वही उघडत नाहीत, की मूल दोन गोष्टी शिकतं : खोटं लिहायला, आणि गुरुजींना ओळखायला. आपलं सरकार गाडीवाल्यांना, शाळांना, आम्हा म्हाताऱ्यांना जो कागदांचा गृहपाठ देतं, त्यातला किती तपासला जातो? माझं सगळं भांडण एवढ्याच प्रश्नाचं आहे.

जे नातेवाईक बरेच वर्षांत इकडे आले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तुमच्या आठवणीतलं भातशेतीचं राहनाळ आता शोधावं लागेल. राहनाळ, पूर्णा, काल्हेर, दापोडे, वळ, सगळीकडे गोदामं. ती इथे आली त्यामागेही थोडासा कागदच आहे बरं का! मुंबईत माल नेला की जकात. मग माल जकातीच्या हद्दीबाहेर, ग्रामपंचायतीच्या जागेत ठेवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा. त्या एका नाक्यावरच्या पावतीने आमच्या गावाचं रूप बदललं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, नाके गेले. आम्हाला वाटलं, सुटले बिचारे ट्रकवाले. पण नाका रस्त्यावरून उठला तो मोबाईलमध्ये जाऊन बसला.

आता ‘आढावा’ हा शब्द घ्या. दर थोड्या वर्षांनी बातमी येते की सरकार वाहतुकीच्या कागदपत्रांचा आढावा घेतंय, प्रक्रिया सोपी होणार. माझा अनुभव असा की आढाव्यात बहुतेक वेळा एवढंच होतं की जो कागद हाताने भरायचा तो स्क्रीनवर भरायचा. कागद हवा कशाला, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

प्रामाणिकपणे सांगायचं तर कधी कधी विचारतात. जून २०१८ च्या अखेरीस महाराष्ट्र सरकारने एक सूट दिली. राज्यातल्या राज्यात पन्नास किलोमीटरच्या आत सूत, कापड, तयार कपडे जॉबवर्कसाठी हलवायचे असतील तर ई-वे बिल नको. भिवंडीत राहणाऱ्याला याची किंमत कळेल. इथे सूत सायझिंगला जातं, तिथून बीम लूमवर, लूमवरून कापड पुढे प्रोसेसला. एकाच मालाला चार गल्ल्या फिरायच्या. प्रत्येक गल्लीला बिल मागितलं असतं तर लूमवाल्याने माग चालवायचा की कॉम्प्युटर? ज्याने ही सूट लिहिली त्याला मी दहापैकी दहा देईन. याला म्हणतात आढावा.

आणि तसा आढावा झाला नाही तर काय होतं, त्याचं एक उदाहरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. जानेवारी २०२० मध्ये हैदराबादेत एका व्यापाऱ्याचा माल निघाला. (योगायोग बघा, माल होता कागदाचा!) वाटेत मोर्चामुळे रस्ता बंद. गाडीवाल्याने गाडी घरी नेली, मधे रविवार आला, सोमवारी माल घेऊन निघाला तर अधिकाऱ्यांनी अडवलं. मुदत संपलेली. माल ताब्यात घेऊन अधिकाऱ्याच्या नातेवाइकाच्या घरी उतरवला आणि कर व दंड मिळून ६९ हजार वसूल केले. मुदत का संपली हे कुणी ऐकूनच घेतलं नाही. तेलंगणा हायकोर्टाने २०२१ मध्ये पैसे व्याजासह परत करायला सांगितले. खातं तरीही सुप्रीम कोर्टात गेलं आणि जानेवारी २०२२ मध्ये तिथेही हरलं. वर कोर्टखर्चाचा बोजा वाढून तोही ६९ हजार झाला. व्यापाऱ्याला न्याय मिळाला, आनंद आहे. पण माझ्या त्या टेम्पोवाल्याने सुप्रीम कोर्टात जायचं का?

आता मला एक जुनी गोष्ट सांगितलीच पाहिजे. आजवर मी ती कुठे लिहिली नव्हती.

साधारण २००९ ची गोष्ट. माझ्या निवृत्तीला दोनेक वर्षं होती. एक बाई आपल्या मुलाला घेऊन शाळेत आल्या. मुलगा आमचाच, सातवीतून शाळा सुटलेला. वडील गेले, घर त्याच्यावर. गाडी फार सुरेख चालवायचा. पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतला आठवा नियम आडवा आला. मालवाहू किंवा प्रवासी वाहन चालवायचं लायसन्स हवं तर आठवी पास पाहिजे. बाई म्हणाल्या, "गुरुजी, एक वर्षाचा तर प्रश्न हाय. आठवी लिवून द्या ना." मी नाही म्हटलं. खोटा दाखला माझ्या हातून जाणार नाही, असं तोऱ्यात सांगितलं. बाई काही बोलल्या नाहीत. मुलाने मात्र माझ्या पाया पडून निरोप घेतला, ते आजही आठवतं.

त्याने दाखला कुठून तरी मिळवला. पैसे देऊन. लायसन्स झालं. तो दाखला खरा की खोटा हे बघायला एक फोन पुरला असता, पण कुणी केला नाही. अट घालणाऱ्याने उत्तरपत्रिका उघडलीच नाही. नंतर एकदा एसटी स्टँडवर भेटला तेव्हा म्हणाला, "सर, अपघात एक नाही. पण पोलिसाने हात केला की अजून पोटात गोळा येतो."

आणि मग २०१९ साली सरकारने ती अटच काढून टाकली. हरियाणाने मेवात भागाचं उदाहरण देऊन मागणी केली होती की तिथल्या माणसांच्या हातात कौशल्य आहे पण शाळेचा कागद नाही. केंद्राने ते मानलं आणि सांगितलं की गाडी चालवायला शिक्षणापेक्षा कौशल्य महत्त्वाचं, तेव्हा प्रशिक्षण आणि चाचणी नीट घ्या. अहो, हेच तर ती बाई माझ्या टेबलापुढे उभी राहून सांगत होती!

मी आजही तो दाखला दिला नसता. त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण मी खरा राहिलो, तो खोटा ठरला, आणि दहा वर्षांनी कळलं की तो प्रश्नच अभ्यासक्रमाबाहेरचा होता. एका सरळ मुलाला दहा वर्षं चोरासारखं जगायला लावलं, याचा हिशेब कुठल्या आढाव्यात येतो?

कुणी म्हणेल, सर, मग काय सगळे कागद जाळायचे? मुळीच नाही. फिटनेसचा कागद हवाच, ब्रेक लागत नसलेला ट्रक माझ्या नातवाच्या रिक्षामागे नको. इन्शुरन्स हवा, लायसन्स हवं. स्कूलबसचंही तेच. २०११ च्या राज्याच्या नियमांनी प्रत्येक शाळेत परिवहन समिती आली. मुख्याध्यापक, पालक, पोलीस, आरटीओ, सगळ्यांनी एकत्र बसून मुलांची गाडी तपासायची. उत्तम कल्पना! पण आता मुख्याध्यापिका असलेली माझी एक जुनी सहकारी हसत सांगत होती की तपासणीच्या आदल्या दिवशी चार सभांचं इतिवृत्त एकाच बैठकीत, एकाच पेनाने लिहून होतं. मला हसू आलं नाही. चार सभा भरल्या नाहीत म्हणजे मुलांची गाडी चार वेळा कुणी बघितली नाही. वही मात्र पूर्ण. न वाचलेल्या कागदाचा खरा धोका हा आहे की तो आपल्याला गाडी तपासली गेल्याचं समाधान देतो.

उलट एसटीचं बघा. २०१९ मध्ये आम्हा ज्येष्ठांसाठी स्मार्ट कार्डाची योजना आली. आगारात रांगा, मग मुदतवाढ, पुन्हा मुदतवाढ. आणि ऑगस्ट २०२२ मध्ये पंच्याहत्तरी पार केलेल्यांना मोफत प्रवास दिला तेव्हा? आधार दाखवा, बसा. कंडक्टर कार्ड हातात घेतो, जन्मसाल बघतो, आपल्याकडे बघतो, तिकीट देतो. (मला अजून अर्धंच, तीन वर्षं थांबायचंय!) एक कागद, तो वाचणारा एक माणूस, आणि वाचून लगेच घेतलेला निर्णय. याहून जास्त काय लागतं?

माझा भाचा अमेरिकेत असतो. त्याला हे फोनवर सांगत होतो तर त्याने एक मजेदार माहिती दिली. तिकडे १९८० पासून कागदपत्रं कमी करण्याचा कायदाच आहे. १९९५ मध्ये तो नव्याने केला. केंद्र सरकारच्या कुठल्याही खात्याला, अगदी वाहतूक खात्यालाही, लोकांकडून माहिती मागायची तर आधी जाहीर करावं लागतं की ही माहिती कशासाठी हवी आणि ती द्यायला माणसाला किती वेळ लागेल. लोकांचं म्हणणं ऐकायला साठ दिवस. मग मंजुरीचा क्रमांक मिळतो, तोही फार तर तीन वर्षांचा. फॉर्मवर तो क्रमांक नसेल तर फॉर्म भरला नाही म्हणून शिक्षा करता येत नाही! भाचा म्हणाला, "मामा, म्हणून इथले फॉर्म कमी झालेत असं समजू नका हं." असेल. पण निदान माणसाची मिनिटं मोजायची असतात हे कुणीतरी कायद्यात लिहिलं.

आपल्याकडे मोटार वाहनाच्या नियमांचा मसुदा राजपत्रात छापून हरकती मागवतात, हे खरं आहे. पण रांगेत दोन रात्री काढणाऱ्याने राजपत्र कधी वाचायचं? सरकारने दाखला किती दिवसांत द्यायचा याचा लोकसेवा हक्क कायदा महाराष्ट्राने २०१५ मध्ये केला. आता सरकारने आपला किती वेळ घ्यायचा याचाही करावा.

पुढच्या आढाव्यासाठी माझ्या तीनच मागण्या आहेत. पहिली, प्रत्येक फॉर्मच्या माथ्यावर छापा की हा कोण वाचणार आणि वाचून काय करणार. उत्तर नसेल तर फॉर्म रद्द. दुसरी, जे सरकारने स्वतः दिलंय ते सरकारने पुन्हा मागू नये. आरसी आरटीओची, लायसन्स आरटीओचं, फिटनेस आरटीओचं. मशीनवर कागद दिसत असेल आणि खरा ठरत असेल तर हातात मागायचा नाही, असा नियम १ ऑक्टोबर २०२० पासून आहेच. मग माझ्या विद्यार्थ्याला ती जाडजूड फाईल अजून का बाळगावीशी वाटते? आणि तिसरी, प्रत्येक अटीला तीन वर्षांची मुदत घाला. माणसाच्या बिलाची मुदत मध्यरात्री संपते, मग नियमालाही कधीतरी संपू दे की!

आमच्या शाळेत रविवारी मी वह्यांचे गठ्ठे घरी आणायचो. सौ. कुरकुर करायची की सुट्टीच्या दिवशीही वह्या. पण साठ वह्या तपासायला किती वेळ लागतो हे एकदा कळलं की सोमवारी फळ्यावर गृहपाठ लिहिताना हात आपोआप आखडता घेतला जातो. साहेबांनीही महिन्यातून एक रविवार स्वतः मागवलेले कागद घरी नेऊन वाचावेत. पुढचा आढावा मग मागायला नको, ते आपणहून घेतील.

असो. फार लिहिलं. टेम्पोवाल्याचा माल तिसऱ्या दिवशी उतरला, हे सांगायचं राहिलंच.