‘दुर्लक्षित’ कोणी केलं, तेही लिहा

यंदा सुट्टी मिळाली ती नेमकी जानेवारीच्या शेवटी. २६ तारखेला शाळेत झेंडावंदनाला बोलावणं आलं. सूत्रसंचालन करणाऱ्या गुरुजींनी माझी ओळख करून दिली, "समाजाकडून कायम उपेक्षित राहिलेल्या वीर जवानांपैकी एक." टाळ्या पडल्या. शाल-नारळ मिळाला. शाल पांघरून समोर पाहिलं तर पहिल्या रांगेत सरपंच, सोसायटीचे चेअरमन, पतसंस्थेचे संचालक. आणि मागे पत्र्याच्या शेडच्या खांबाला टेकून आमच्याच गावची एक वीरपत्नी उभी. तिला खुर्ची नव्हती. शब्द माझ्या वाट्याला आला होता आणि उपेक्षा तिच्या.

तेव्हापासून हे विशेषण डोक्यात बसलंय. उपेक्षित, दुर्लक्षित, विस्मृत, सगळी एकाच कुळातली. दिवाळी अंकात सापडतात, भाषणात सापडतात, माझ्या स्वतःच्या जुन्या लेखांतही सापडतात. माझं म्हणणं सरळ आहे. हे शब्द ज्याच्यासाठी वापरतो त्याला त्यातून काही मिळत नाही. वापरणाऱ्याला मात्र कर्तव्य केल्याचं समाधान मिळतं.

वाक्य करून बघा. ‘हा किल्ला दुर्लक्षित आहे.’ ‘माजी सैनिक उपेक्षित आहेत.’ व्याकरणात चूक नाही, पण करणारा कुठे आहे? जणू दुर्लक्ष हे पावसासारखं आभाळातून पडलं. फौजेत असं वाक्य चालत नाही. एखादा जवान ‘रायफल हरवलेली आहे’ एवढंच सांगून मोकळा होऊ शकेल का? कोणाच्या ताब्यात होती, शेवटची मोजणी कधी झाली, पहाऱ्यावर कोण होतं, सगळं विचारलं जातं. चौकशी बसते, आणि बसलीच पाहिजे. लोखंडाच्या रायफलीसाठी जो प्रश्न विचारतो, तो माणसासाठी का विचारत नाही?

शब्दांतला फरकही आपण पुसून टाकलाय. दुर्लक्ष नकळत होऊ शकतं. घाईत नजर चुकते, चूक कळली की सुधारता येते. ‘उपेक्षा’त मात्र ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणं आहे. पाहिलं आणि तरी सोडून दिलं. म्हणजे उपेक्षित म्हणणारा नकळत कबुलीच देतो की आम्हाला दिसत होतं. योगसूत्रांत मैत्री, करुणा, मुदिता यांच्यासोबत उपेक्षा येते, ती वाईटाच्या बाबतीत मन शांत ठेवण्यासाठी. आपण ती वीरपत्नीच्या पेन्शनच्या कागदांबाबत पाळतो.

आता ‘विस्मृत’चं घ्या. मणिपूरच्या पोस्टिंगमध्ये उखरूलच्या बाजूला सांगशाकला गेलो होतो. मार्च १९४४ मध्ये इथे ५० वी भारतीय पॅराशूट ब्रिगेड कोहिमाकडे निघालेल्या जपानी फौजेसमोर काही दिवस उभी राहिली. काटेरी तार नव्हती, पाण्याची मारामार होती. त्या ब्रिगेडबरोबर ४/५ मराठा लाइट इन्फंट्रीही होती. आपली माणसं. हिला ‘विस्मृत लढाई’ म्हणतात. पण तिथल्या तांगखुल गावकऱ्यांना विचारा, त्यांच्या घरादारातून झालेली लढाई ते कशाला विसरतील? विसरलो आपण, सातारा-कोल्हापूर-बेळगावकडचे, ज्यांच्या पलटणीचा तो इतिहास आहे. तेव्हा ‘सांगशाकची लढाई विस्मृत आहे’ असं लिहू नका. ‘आम्ही ती मुलांना शिकवली नाही’ असं लिहा.

ब्रह्मदेशच्या आघाडीवरच्या चौदाव्या आर्मीला तिचेच सैनिक विसरलेली सेना म्हणायचे. पुढे २०१३ मध्ये इंग्लंडच्या नॅशनल आर्मी म्युझियमच्या मतदानात इम्फाळ-कोहिमा ही ब्रिटनची सर्वांत मोठी लढाई ठरली. एकाच लढाईला आधी एक विशेषण, मग दुसरं. मेलेल्यांना दोन्हींचा उपयोग सारखाच. उपयोग कशाचा असतो ते कोहिमाच्या युद्धस्मशानात कळतं. तिथे दहन झालेल्या ९१७ हिंदू आणि शीख सैनिकांचं स्मारक आहे. त्यावर नावं आहेत. एकेक नाव वाचत मी आपल्याकडची आडनावं शोधत होतो, आणि ‘शूर’ किंवा ‘उपेक्षित’ लिहिलेलं नाही याची आठवणही आली नाही.

दुसऱ्यांना सांगण्याआधी माझीच चौकशी लावतो. लडाखमध्ये असताना मी एक लेख लिहिला होता, सीमेवरचे रस्ते बांधणाऱ्या ‘दुर्लक्षित हातां’विषयी. झारखंडच्या दुमका भागातून येणारे मजूर, उन्हाळ्यात येतात, थंडीआधी परततात, विरळ हवेत खडी फोडतात, डांबर ओततात. लेख गाजला. बऱ्याच माजी सैनिकांनी फोन केले. मग माझ्या ड्रायव्हरने विचारलं, "साहेब, वळणावर ज्याच्याकडे आपण चहा पितो, त्याचं नाव काय?" मला येईना. दोन मोसम त्याच्या शेगडीवर हात शेकले होते. उमलिंग ला खिंडीतल्या रस्त्याची उंची १९,०२४ फूट, हे मला तोंडपाठ होतं. रस्त्याला आकडा दिला होता आणि माणसाला विशेषण.

पुढच्या फेरीला नाव विचारलं. त्याने सांगितलं, आणि वर म्हणाला, "लेखात नको घालू साहेब. हजेरीपटात नीट लिहिलं तरी पुष्कळ आहे. मागच्या वेळी चुकलं, तर चार दिवसांचे पैसे गेले." म्हणून इथेही घालत नाही. पण धडा मिळाला. त्याला ‘दुर्लक्षित’ म्हणून मी त्याचे चार दिवस परत आणले नव्हते. हजेरी लिहिणाऱ्याला जाऊन विचारलं असतं तर कदाचित आले असते.

कोणी म्हणेल, अहो, निदान शब्दामुळे लक्ष तरी जातं. काही वेळा जातं, नाही म्हणत नाही. पहिल्यांदा कोणी ‘इकडे बघा’ म्हणतो तेव्हा तो शब्द हाकेसारखा असतो. पण हाक मारून आपणच पाठ फिरवायची, आणि पुढच्या वर्षी त्याच दिवशी तीच हाक मारायची, याला काय म्हणायचं? आणखी एक तोटा आहे. रोज ‘उपेक्षित’ ऐकणारा माणूस स्वतःला तसाच समजायला लागतो. माझ्या ओळखीचे माजी सैनिक हक्काचा अर्ज करायचा सोडून पारावर बसून हाच शब्द घोळतात. अर्जावर तारीख लागते, सही लागते, पोच घ्यावी लागते. विशेषणाला यातलं काहीच लागत नाही.

तेव्हा लिहिणाऱ्यांना, बोलणाऱ्यांना आणि आपल्या माजी सैनिक बंधूंना एवढंच सांगणं आहे. ‘उपेक्षित’ लिहायला हात उचलला की थांबा. कोणी, कधी, काय केलं नाही, ते लिहा. नाव माहीत नसेल तर जाऊन विचारा. विचारायला जायची तयारी नसेल तर ते वाक्यच खोडा.

सुरुवात माझ्यापासून. ‘आमच्या गावात वीरपत्नी उपेक्षित आहे’ हे वाक्य मी खोडतो. त्याऐवजी हे घ्या: २६ जानेवारीला कार्यक्रम सव्वा तास चालला, ती सव्वा तास उभी होती, मी व्यासपीठावरून तिला पाहत होतो आणि मी माझ्या खुर्चीवरून उठलो नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्या घरी जाऊन माफी मागितली. ती म्हणाली, "भाऊजी, खुर्चीचं सोडा, बँकेत माझं नाव चुकीचं लागलंय, तेवढं बघता का?" सुट्टीचे उरलेले चार दिवस त्यातच गेले. नाव आता बरोबर लागलंय.

जय हिंद.