रुग्णालय जवळ आहे, पण मिनिटं थोडी आहेत

लखनऊच्या हजरतगंजमधल्या दंतवैद्याला एक मोठा दिलासा असतो. पार्क रोडवरचं सिव्हिल हॉस्पिटल जवळच आहे. दादरमध्ये किंवा पुण्याच्या पेठांत दवाखाना असणाऱ्यांनाही असाच धीर वाटतो. काही झालंच तर १०८ आहे, मोठं रुग्णालय आहे. हा धीर मला घातक वाटतो. हृदय बंद पडलं की चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते, आणि छातीवर दाब न देता गेलेलं प्रत्येक मिनिट जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी कमी करतं. हजरतगंजच्या संध्याकाळच्या गर्दीत तेवढ्या वेळात स्ट्रेचर जिना चढून वर येईल, याची खात्री कोण देईल?

असे प्रसंग विरळाच, असं दंतवैद्य म्हणतात, आणि ते खरंही आहे. खुर्चीवर सर्वाधिक दिसते ती भीतीनं येणारी भोवळ. खुर्ची आडवी केली, पाय उंच ठेवले की रुग्ण मिनिटा-दोन मिनिटांत सावरतो. पण या सवयीमुळेच प्रत्येक घाम ‘चक्कर’ ठरतो. इन्सुलिन घेऊन उपाशी आलेल्या मधुमेह्यालाही घाम फुटतो, तो असंबद्ध बोलतो; शुद्धीवर असताना त्याला लगेच साखर हवी, बेशुद्धीत मात्र तोंडावाटे काहीही नको. अँटिबायोटिकनंतर अंगावर गांधी उठल्या, आवाज बसला, श्वास घरघरू लागला, तर प्रौढाच्या मांडीच्या बाहेरच्या स्नायूत अर्धा मिलिग्रॅम ॲड्रेनलिन विनाविलंब द्यावं लागतं. भूल देण्याच्या लिग्नोकेनमध्ये ॲड्रेनलिन असतंच, असं कुणी म्हणेल. त्याचं प्रमाण १:८०,००० असतं. अर्धा मिलिग्रॅम मिळवायला ४० मिलिलिटर टोचावं लागेल, आणि त्यासोबत जाणारं ८०० मिलिग्रॅम लिग्नोकेनच जिवावर बेतेल. म्हणून १:१००० ची वेगळी अँप्यूल हवी, मुदत न संपलेली.

खर्चाची सबब तर टिकतच नाही. ऑक्सिजनचा सिलिंडर आणि मोजकी औषधं ही दवाखान्याच्या सजावटीपेक्षा स्वस्त पडतात. खरी उणीव सरावाची आहे, आणि तीही डॉक्टरपेक्षा सहायकाच्या. डॉक्टर छातीवर दाब देत असताना १०८ ला पत्ता कोण सांगणार, खुर्चीच्या पाठीखाली आधाराला स्टूल कोण सरकवणार, रुग्णवाहिकेतल्या लोकांना वर आणायला खाली रस्त्यावर कोण उभं राहणार, हे दवाखान्यात काम करणाऱ्या प्रत्येकाला आज, रुग्ण धडधाकट असताना, नावानिशी ठाऊक हवं.