पथ्याचे वेगळे ताट बंद करा

आपल्या कोणत्याही घरात एखाद्याला हृदयविकाराचा झटका येऊन गेला, की सहा महिन्यांनी एक वाक्य हमखास ऐकू येते: "सांगून सांगून थकलो, पण ते मनावरच घेत नाहीत." लोद असो, अश्दोद असो, ठाणे असो, नाहीतर आम्ही राहतो ते आयर्लंडमधील डून लेरी असो, वाक्य तेच. बोलणारी बहुधा बायको किंवा सून असते आणि ती कळकळीनेच बोलते. तरीही सारा जन्म परिचारिकेच्या नोकरीत गेलेल्या बाईला एवढे स्पष्ट सांगण्याचा अधिकार असावा, की हे वाक्य खरे नाही आणि त्याने आजाऱ्याचे नुकसान होते.

मनावर सगळेच घेतात. छातीला तारा लावलेल्या स्थितीत खाटेवर पडलेला माणूस जे मनावर घेतो, तसे कुणी घेत नसेल. सिगारेट सोडली, तळलेले बंद, रोज चालायला जाईन. त्या वेळी तो लबाडी करीत नसतो. पण भीती ओसरते. ती ओसरायलाच हवी, नाहीतर माणूस जगेल कसा? आणि भीतीच्या आधाराने उभा राहिलेला निश्चय तिच्याबरोबरच खाली बसतो.

'प्युअर' नावाच्या मोठ्या अभ्यासाने २०१३ साली १७ देशांतील माहिती प्रसिद्ध केली. तीत हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेले सुमारे साडेसात हजार लोक होते. धूम्रपान नाही, आहार चांगला, व्यायाम पुरेसा, अशा तिन्ही गोष्टी पाळणारे शंभरात जेमतेम चार निघाले. एकही न पाळणारे चौदा! आता उरलेली सगळी माणसे निर्लज्ज, जिवावर उदार, असे म्हणायचे काय? इतके लोक एकाच ठिकाणी अडखळतात, तेव्हा वाटेतला दगड पाहावा.

बेपर्वाईची किंमत लहान नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका पाहणीत, झटक्यानंतर धूम्रपान चालू ठेवणाऱ्या आणि आहार-व्यायाम न सांभाळणाऱ्यांना पुढच्या सहा महिन्यांत पुन्हा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू येण्याचा धोका जवळजवळ चौपट आढळला. त्यातून दक्षिण आशियातील आपल्या लोकांना पहिला झटका साधारण ५३ व्या वर्षी येतो, इतरांना ५९ च्या आसपास, असे २००७ सालच्या अभ्यासात दिसले. म्हणजे घरात मुलांची शिक्षणे अजून चालू असतात.

मग तो दगड कोणता? माझ्या मते तो जेवणाच्या टेबलावर असतो. शुक्रवारी रात्री नारळाच्या दुधातले मटण, तळलेली मासळी, गोड हे सर्व घरादाराला, आणि एका कोपऱ्यात बाबांसाठी उकडलेला दुधी. वर सगळ्यांचे डोळे त्यांच्या हाताकडे! याला आपण सेवा म्हणतो. मी याला शिक्षा म्हणते. धडधाकट माणसालाही हे दोन महिने झेपणार नाही. आणि जे बापाला वर्ज्य, ते त्याच्याच रक्ताच्या मुलाला पंचविसाव्या वर्षी हितकारक कसे, हे मला कुणी समजावून सांगावे.

नारळाचा राग करा असे मी म्हणत नाही. मटणाबरोबर दूधदुभते चालत नाही, म्हणून आपल्या वाडवडिलांनी नारळाचे दूध वापरले. कोकणात हाताशी तेच होते. पण ते जेवण घाण्यावर आणि शेतात राबणाऱ्यांचे होते, तेही सणावारी. आपण ते खुर्चीत बसून, आठवड्यातून चारदा जेवतो.

त्याच वाडवडिलांकडे जरा वेगळ्या नजरेने पाहा. कोकणात लोक आपल्याला शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी आपला घाणा बंद असे. ग्रंथ हाताशी नसताना पिढ्यान्‌पिढ्या हा नेम टिकला. दर शुक्रवारी प्रत्येक तेल्याच्या मनात नवी स्फूर्ती येत होती म्हणून का? मुळीच नाही. सगळ्या घराचे काम थांबे, शेजाऱ्याचा घाणाही थांबे. एकट्या आजोबांना शब्बाथ पाळायला सांगून बाकीच्यांनी घाणा चालू ठेवला असता, तर तो नेम महिनाभर तरी टिकला असता काय?

आम्ही राहतो त्या देशाचेही पाहा. २९ मार्च २००४ पासून आयर्लंडमध्ये कामाच्या बंदिस्त जागांत, पबसकट, धूम्रपानाला मनाई झाली. असा देशव्यापी कायदा करणारा हा पहिला देश. त्या दिवशी आयरिश माणसाची इच्छाशक्ती काही एकाएकी वाढली नाही. सिगारेटसाठी उठून पावसात उभे राहणे भाग पडले, एवढेच. आपल्या घरात मात्र झटका आलेल्या माणसासमोर जावई गॅलरीत सिगारेट ओढतो, आणि पाहुणा म्हणून त्याला कुणी बोलत नाही.

"पण मुळात इच्छाच नसेल तर?" असे विचारणारे भेटतात. आरंभाला इच्छा हवीच. परंतु लंडनमधील संशोधकांनी ९६ जणांवर पाहणी करून २०१० साली दाखवले, की नवी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात. कुणाला १८ पुरतात, कुणाला २५४ पर्यंत. व्यायामाला पाण्याच्या पेल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. इस्पितळाचे पुनर्वसनाचे वर्ग साधारण दोन महिन्यांत संपतात, म्हणजे नेमके सवय धरू लागते त्या सुमारास. पुढचे घराने सांभाळायचे. त्याच पाहणीत असेही दिसले, की मध्ये एखादा दिवस चुकल्याने विशेष बिघडत नाही. तेव्हा एका सामोशावरून "झाले, संपले पथ्य!" म्हणून डोके धरणाऱ्यांनी जरा दम खावा.

येथे बंदराचा पूर्वेकडचा धक्का सुमारे १.३ किलोमीटर लांब आहे. जाऊन-येऊन अडीच किलोमीटरांच्या वर चाल होते. डॉक्टरांनी परवानगी दिलेल्या माणसाला तेवढी पुष्कळ. डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार पडतो, म्हणून जेवणाआधी जावे. "जा, चालून या" असे सांगून दार लावून घेऊ नये. मुलाने स्वतःचे बूट घालावेत आणि "चला" म्हणावे. उन्हाळ्यात त्याच धक्क्यावर लोक गळ टाकून मॅकरेल काढतात. तो आपल्या बांगड्याचा जातभाई, त्याला खवले-पर आहेत आणि तेलही हृदयाला मानवणारे. हिरवा मसाला लावून भाजावा, तळू नये. आणि सगळ्यांनी एकाच ताटलीतून घ्यावा.

आता समाजाच्या कार्यक्रमांविषयी. मलिदा जरूर करा, त्यावर माझा आक्षेप नाही. पण त्यानंतर सामोसे, वेफर आणि रंगीत पाणी मांडून वर "मधुमेहींसाठी वेगळे टेबल" ठेवणाऱ्या मंडळींना माझे सांगणे आहे: ते टेबल उचला आणि त्यावरचे पदार्थ मधल्या टेबलावर आणून ठेवा. येत्या हनुक्कापासून सुरुवात करता येईल.