आमच्या निगेटिव्ह परत द्या!

मंडळी, आज जरा भांडायला बसलोय. इतकी वर्षं फळ्यापुढे उभं राहिल्यावर आवाज चढवायची सवय जात नाही, सांभाळून घ्या.

मागे माळा आवरताना आमचा जुना यशिका सापडला. वेतन आयोगाचा फरक हातात आला तेव्हा हौसेनं घेतलेला. सेल पाझरून आत पांढरी पूड साचलेली, फ्लॅश गेलेला. पण बटण दाबलं की 'टक्' वाजत होतं. आणि आत चक्क रोल! छत्तीसपैकी सत्तावीस फोटो काढलेले, नऊ शिल्लक.

घरच्यांना आठवेल, २००२ साली अण्णांचं सहस्रचंद्रदर्शन झालं, त्या दिवशीचा हा रोल. नऊ फोटो वाया कशाला घालवायचे, म्हणून तेव्हा धुवायला टाकला नाही. (मास्तरी काटकसर!) त्याच दिवाळीत अण्णा गेले. मग कॅमेऱ्याला कुणी हातच लावला नाही. ही चूक माझी, ती आधीच कबूल करतो.

कॅमेरा चालतो का बघू म्हणून उरलेले नऊ फोटो काढले. नातू, तुळशीवृंदावन, समोरचा पिंपळ. रोल गुंडाळला आणि तालुक्याच्या स्टुडिओत गेलो. मालक माझाच विद्यार्थी. म्हणाला, "सर, धुवायचं मशीन केव्हाच भंगारात गेलं. आता फक्त पासपोर्ट फोटो आणि फ्लेक्स." त्यानं शहरातल्या एका लॅबचा पत्ता दिला. कुरिअरनं रोल पाठवला, पैसे भरले, बारा दिवसांनी फोनवर लिंक आली. फोटो चौदा.

नवे नऊ झकास. जुने पाच जांभळट, रवाळ. पण मांडव ओळखू येतो, ओवाळणीचं ताट दिसतं. अण्णा मात्र एकातही नाहीत. एका फोटोच्या कडेला त्यांच्या उपरण्याचं टोक तेवढं आहे.

लॅबला फोन केला. "काका, बाकीच्या फ्रेम ब्लँक होत्या, स्कॅन नाही केल्या." म्हटलं, बरं, निगेटिव्ह पाठवा. "त्या आम्ही ठेवत नाही. फॉर्मवर लिहिलंय तसं." फॉर्म पाहिला. खरंच लिहिलं होतं, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरात.

आक्काला सांगितलं तर तिनं एकच विचारलं, "पण तू उजेडात धरून बघितलंस का?"

माझं भांडण इथेच आहे. बावीस फ्रेम कोऱ्या होत्या की नव्हत्या, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. अण्णा त्यात होतेच, असा माझा दावा नाही. वीस-बावीस वर्षं माळ्यावर उन्हाळे काढलेली फिल्म. तिच्यावरची न धुतलेली प्रतिमा विरत जाते आणि सगळ्या फिल्मवर धुकं चढतं, हे मला ठाऊक आहे. पण फिकी म्हणजे कोरी नव्हे. स्कॅनरच्या ठरावीक मापात न बसणारी फ्रेम दुसऱ्या स्कॅनरवर, थोडा कॉन्ट्रास्ट वाढवून, कधीकधी चेहरा दाखवते. ती संधीच कचऱ्यात गेली.

आयुष्यभर पेपर तपासले. एखादं पोर फिक्या पेन्सिलीनं लिहायचं. पान खिडकीपाशी नेऊन वाचल्याशिवाय मी शून्य दिलं नाही. आणि दिलंच, तरी उत्तरपत्रिका फाडून टाकली नाही. बोर्डसुद्धा फेरतपासणीची सोय ठेवतं, ती उत्तरपत्रिका जपून ठेवलेली असते म्हणूनच ना? स्कॅन म्हणजे नुसते गुण. निगेटिव्ह ही उत्तरपत्रिका. गुण कळवले, आता पेपर कशाला हवा, असं म्हणणाऱ्या परीक्षकाला आपण काय म्हणू?

शिवाय रोल एकदाच धुता येतो. रंगीत रोल जवळपास ३८ अंशांच्या द्रावणात सव्वातीन मिनिटं डेव्हलप होतो, पुढच्या द्रावणांत त्यातली चांदी निघून जाते आणि रंग उरतात. ते काम पुन्हा करता येत नाही. स्कॅन मात्र दहादा काढता येतो, उद्याच्या चांगल्या यंत्रावर आणखी चांगला. म्हणजे जे पुन्हा होऊ शकतं ते आमच्या हातात देता, आणि जे एकदाच होतं ते फेकता!

'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट, १९३१ सालचा. आज त्याची एकही प्रत हाती नाही. उलट शिकागोची व्हिव्हियन मायर पाहा. घरोघरी मुलं सांभाळून पोट भरणारी बाई. २००७ साली तिच्या निगेटिव्हच्या पेट्या लिलावात निघाल्या आणि पुढे लाखावर फोटो जगापुढे आले. त्यातले कितीतरी रोल तिनं धुतलेसुद्धा नव्हते. पेट्या कचऱ्यात गेल्या असत्या तर? आमचे अण्णा काही जगप्रसिद्ध नव्हेत. पण आक्काच्या जगात आहेत.

लॅबवाले म्हणतील, गिऱ्हाईकच निगेटिव्ह मागत नाही, जागा किती अडवायची? मान्य. जन्मभर सांभाळा असं कोण म्हणतंय? फेकण्याआधी एक फोन करा. टपालखर्च आमच्याकडून घ्या. आणि नियम उलटा करा: ज्याला नको असेल त्यानं तसं लिहून द्यावं, बाकी सगळ्यांना परत. हल्ली तरुण मुलं हौसेनं जुने कॅमेरे शोधून रोल घालतायत, चांगलंच आहे. पण फोनवरच्या चित्रावर समाधान मानणार असाल तर फोननंच काढा की! एवढा खटाटोप करून फिल्म हातात यायला नको?

तुमच्याकडेही कपाटात एखादा रोल पडला असेल. तो देण्याआधी विचारा: निगेटिव्ह परत मिळणार का? कागदावर मराठीत ठळक लिहा: 'सगळ्या फ्रेम स्कॅन करा, कोऱ्या दिसल्या तरी. निगेटिव्ह परत हव्यात.' आणि 'हो' आल्याशिवाय रोल हातातून सोडू नका.

असो. त्या दिवशी मांडवात आणखी कुणाकडे कॅमेरा होता का, नातेवाइकांनी जरा आठवून कळवावं. पाकिटाच्या मागच्या कप्प्यात निगेटिव्ह असतील. त्या टाकू नका. मी स्वतः येऊन नेईन, आणि उजेडात धरून बघेन.