साधनव्यक्ती कोण?

एम.एस.डब्ल्यू. करून मी पुण्यातल्या कचरावेचक बायकांच्या वस्तीत कामाला लागले, तेव्हा ‘आपण यांना शिकवायचं’ हेच डोक्यात होतं. पहिल्याच आठवड्यात एका मावशींनी मला पोत्यापुढे बसवलं. प्लॅस्टिक चुरगळून, त्याचा आवाज ऐकून जात कशी ओळखायची, कशाला भाव येतो, ते दाखवलं. मी दहादा चुकले. पुढे मी त्यांना वजनकाट्यावरचे आकडे शिकवले. भंगारवाल्याने काटा मारला तर आता त्या तिथेच बोलतात. मला वाटलं, फिटंफाट झाली.

पण तशी ती झालेली नाही. माझ्या शिकवण्याला पगार आहे, त्यांच्या शिकवण्याला साधं नावही नाही. “ताई, पॅड कागदात गुंडाळून वर लाल खूण करा, आमचे हात त्यात जातात,” हे मावशींनी सांगेपर्यंत मला, बाई असून, सुचलं नव्हतं.

१९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांची दखल घेतली. हे हक्क या बायकांनी संघटित होऊन मिळवले.

मैत्रिणींनो, परस्परावलंबनावर आपण शिबिरं घेतो. अवलंबून दोघी असतो. काच मात्र एकीच्याच हाताला लागते. म्हणून घरचा कचरा आपण स्वतः वेगळा करू या. आणि पुढच्या शिबिरात मावशींना श्रोत्यांत न बसवता साधनव्यक्ती म्हणून बोलावू या, आपल्याइतकंच मानधन देऊन.